एक पासपोर्ट आणि बैलाचा खांदा

मंडळी, फैजपूरला राजकारणावर बोलायचं म्हणजे माझ्यासारख्याला घाम फुटतो. 1936 साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथे भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. आणि मी कोण, तर निवृत्त पशुवैद्य. रावेर, यावल, चोपडा करत नोकरी गोठ्यांत गेली. संयोजकांना वाटलं होतं मी गुरांच्या लंपी रोगावर बोलेन. मी म्हटलं, नेहरूंच्या नातसुनेवर बोलतो, मनेका गांधींवर. दोन मिनिटं फोनवर कोणी बोललंच नाही. मग हळूच प्रश्न आला, "त्या कुत्र्यांच्या बाई?"

त्याच. पण मला त्या कुत्र्यांपासून नाही, एका पासपोर्टपासून समजायला लागल्या. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधीचं थोडक्यात. जन्म 1956, दिल्ली. शीख कुटुंब, वडील लष्करात अधिकारी. शाळा सनावरची लॉरेन्स स्कूल, कॉलेज लेडी श्रीराम. 1974 च्या सप्टेंबरात संजय गांधींशी लग्न, तेव्हा वय अठरा. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली. 1977 ला इंदिराबाई पडल्या, जनता पक्षाचं सरकार आलं आणि पंतप्रधानांच्या घरातली धाकटी सून एका रात्रीत विरोधी पक्षाची झाली. 'सूर्या' नावाचं मासिक त्या चालवत आणि त्यातून नव्या सरकारवर तुटून पडत.

जुलै 1977. दिल्लीच्या पासपोर्ट कार्यालयाचं पत्र आलं. तुमचा पासपोर्ट सार्वजनिक हितासाठी जप्त करायचं ठरलं आहे, पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत जमा करा. बाईंनी कारण विचारलं. उत्तर आलं की, जनतेच्या हितासाठीच कारण सांगता येत नाही. म्हणजे पाटलाने म्हणावं तुझा बैल कोंडवाड्यात घातलाय, का ते विचारायचं नाही, गावाचं भलं त्यातच आहे! खरी बाब अशी होती की, आणीबाणीच्या चौकशीसाठी आयोग बसला होता आणि त्याच्यासमोर त्यांची गरज पडू शकेल, असा सरकारचा होरा होता. पण ते बाहेर आलं कोर्टात.

वय वर्षं वीस. त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 25 जानेवारी 1978 ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. 'मनेका गांधी विरुद्ध भारत सरकार'. कायदा शिकणारी पोरं इथे बसली असतील तर त्यांना हे नाव पाठ असतं, बाईंचं बाकी काहीही माहीत नसलं तरी. घटनेच्या 21 व्या कलमात म्हटलंय, कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीशिवाय कोणाचं जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. तोवर अर्थ असा लावत की, कायदा आहे ना, पद्धत लिहिलीय ना, मग झालं. या निकालाने सांगितलं की, नुसती पद्धत पुरत नाही, ती न्याय्य, रास्त असली पाहिजे. आणि माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याकडून काही काढून घेणं ही रास्त पद्धत नव्हे.

यातली गंमत बघा. 1976 च्या एप्रिलमध्ये याच न्यायालयाने म्हटलं होतं की, आणीबाणीत तुरुंगात डांबलेल्या माणसाला दाद मागता येत नाही. ते म्हणणाऱ्या चौघांपैकी तिघे, बेग, चंद्रचूड आणि भगवती, या सात जणांत होते. त्या आणीबाणीचं केंद्र ज्या घरात होतं, त्याच घरातल्या सुनेच्या अर्जावर त्यांनी स्वातंत्र्याचं दार सगळ्यांसाठी सताड उघडलं. आणखी एक. बाईंना पासपोर्ट काही लगेच हातात मिळाला नाही! सरकारी वकिलांनी हमी दिली की, आम्ही म्हणणं ऐकून घेऊ, दोन आठवड्यांत निर्णय देऊ. मग कोर्टाने आदेश रद्द न करता प्रकरण मिटवलं. पासपोर्ट न्यायालयाच्या ताब्यात राहिला. स्वतःच्या पदरात थोडं पडलं, देशाच्या पदरात पुष्कळ.

आता मला जरा गोठ्यात जाऊ द्या, राजकारण फार झालं. तापीकाठच्या एका गावात निमाडी बैलजोडी बघायला गेलो होतो. लाल अंगावर पांढरे ठिपके, निमाडी बैलाची शोभाच वेगळी. डाव्या अंगाचा बैल जू ठेवलं की बसकण मारायचा. कपाशीची कोळपणी अडलेली, आणि मालक चिडलेला. मी विचारलं, कधीपासून? चारा खातो का? आधी काय केलं? म्हातारा वैतागून म्हणाला, "डाक्टर, त्याले इचारा ना, मले काय इचारता!"

मी खांद्यावर तळहात ठेवला. तवा तापलेला असावा तसा खांदा. कातडीखाली लिंबाएवढी गाठ आणि जू बसतं त्या रेषेत केस उडून चकाकणारी, ओलसर जागा. खांदा आला होता. बोट दाबलं तेव्हा बैलाने नुसती मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनचा लेप दिला, तीन आठवडे जू लावायचं नाही म्हणून सांगितलं. म्हातारा म्हणाला, मग कोळपणी कोण करील, तुम्ही? त्याचंही बरोबर होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हाच माणूस त्याच खांद्याला तूप-हळद चोळणारा. क्रूर नव्हता तो. त्याने बैलाला विचारलं नव्हतं, एवढंच.

मनेकाबाईंचं पुढचं सगळं आयुष्य मला या दोन गोष्टींच्या मधलं वाटतं. पासपोर्ट काढून घेताना मला विचारलं का? आणि बैलाला जू लावताना त्याला कोणी विचारलं का?

मधली वर्षं भराभर सांगतो. 23 जून 1980 ला संजय गांधी विमान अपघातात गेले. मुलगा वरुण तेव्हा तीन महिन्यांचा. 1982 च्या मार्चमध्ये सासूशी बिनसलं आणि त्या लेकराला घेऊन घराबाहेर पडल्या. त्या रात्रीची वर्णनं तुम्ही वाचली असतील, त्यात मला रस नाही. राष्ट्रीय संजय मंच काढला. 1984 ला अमेठीत थेट दिरासमोर, राजीव गांधींसमोर उभ्या राहिल्या. तीन लाखांवर मतांनी पडल्या, अनामतही गेली. मग जनता दल, 1989 ला पिलिभीतहून खासदार, आणि व्ही. पी. सिंगांच्या सरकारात पर्यावरण राज्यमंत्री. 1992 ला 'पीपल फॉर ॲनिमल्स' ही संस्था काढली. पुढे अपक्ष, 2004 पासून भाजप. एवढे पक्ष बदललेल्या माणसाला आपण सहसा नावं ठेवतो. पण पक्ष कोणताही असो, यांच्या टेबलावरची एक फाइल बदलली नाही, जनावरांची.

आणि ही फाइल अक्षरशः त्यांच्या मागे फिरली. पर्यावरण खात्याकडचा प्राणी कल्याण विभाग, बाई वाजपेयी सरकारात सामाजिक न्याय खात्यात गेल्या तेव्हा, तिकडे गेला, मग त्यांच्याबरोबर संस्कृती खात्यात, तिथून सांख्यिकीत. म्हणून 2001 च्या डिसेंबरात भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे जे नियम आले, ते या देशाच्या संस्कृती मंत्रालयाने काढलेले आहेत! आमच्या खात्यात यावर खूप हसायचे. मीही हसलोय.

कायदा मात्र त्यांचा नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आणि त्याचं श्रेय नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचं. राज्यसभेत त्यांनी खासगी विधेयक आणलं, नेहरूंनी सरकारी विधेयकाचा शब्द दिला, त्यांनी आपलं मागे घेतलं. या कायद्याखाली 1965 चे ओढकामाच्या जनावरांचे नियम आहेत. वाचून दाखवतो. दिवसात नऊ तासांच्या वर काम नाही. सलग पाच तासांच्या वर नाही. आणि जिथे पारा 37 अंशांच्या वर जातो, तिथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही. हसू नका! भुसावळात होळी ते मृग यात पारा 37 च्या खाली किती दिवस असतो ते तुम्हीच सांगा. आपला शेतकरी त्या वेळी बैल सोडतोच, पण तो स्वतःलाही ऊन लागतं म्हणून. आणि नियम मोडला, क्रूरता सिद्ध झाली, तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. 1960 साली पन्नास रुपये ही चीज होती. आज चहा-नाश्ता होत नाही. आकडा तोच राहिला.

तरी काही बदललं. लहानपणी आमच्या गावात दरवेशी अस्वल घेऊन यायचा. नाकातून दोर ओवलेला, दोर ओढला की अस्वल मागच्या पायांवर उभं राहायचं, आम्ही टाळ्या पिटायचो. कसं नाचतं ते कळलं पशुवैद्यकीय कॉलेजात, नाकाचा आतला पडदा किती नाजूक असतो ते शिकताना. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या खेळांवर बंदीची अधिसूचना ऑक्टोबर 1998 ला निघाली तेव्हा खातं बाईंकडे होतं. सर्कसवाले कोर्टात गेले, 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. आता दरवेशी दिसत नाही. त्याच्या पोराबाळांनी पोट कशावर भरलं हा प्रश्न मला पडतो, आणि बंदीची अधिसूचना काढताना तो किती जणांना पडला असेल, कोण जाणे.

कुत्र्यांचं विचाराल हे माहीत आहे. नियम म्हणतो, पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, कानाला खाच पाडा, जिथून आणलं तिथे सोडा. शास्त्र म्हणून यात चूक नाही. वस्तीतल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असली की रेबीज पसरत नाही, आणि कुत्री मारून टाकली तर मोकळ्या जागेत बिनलसीची नवी येतात. पण हे शस्त्रक्रियेचं काम आहे. टेबल लागतं, भूल लागते, टाके भरेपर्यंत ठेवायला पिंजरे लागतात. ते नसताना नुसता नियम कागदावर राहतो आणि लोक म्हणतात, बाईंनी कुत्री वाढवली. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितली आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलला, यावरूनच गुंता किती ते दिसतं. रेबीज झालेली गाय मी पाहिली आहे. घोगरा हंबरडा, तोंडातून लाळेची तार, आणि मालकीण सवयीने तिच्या तोंडात हात घालायला निघालेली. त्यामुळे मला या विषयावर जोरात बोलता येत नाही, ना इकडून ना तिकडून.

आता मला खटकणारं सांगतो. 2016 ला बिहारमध्ये नीलगायी मारायला परवानगी मिळाली तेव्हा बाई आपल्याच सरकारच्या पर्यावरणमंत्र्यांवर, प्रकाश जावडेकरांवर, उघड तुटून पडल्या. 2018 ला यवतमाळची अवनी वाघीण मारली तेव्हा राज्याचे तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवारांवर. धाडस आहे, मंत्रिमंडळात राहून असं कोण बोलतं? पण ज्याचा हरभरा रोह्यांनी, म्हणजे याच नीलगायींनी, एका रात्रीत साफ केला, त्याचं म्हणणं त्यात कुठे होतं? अवनीच्या भागात तेरा माणसं गेल्याचं सांगत होते, त्यांची घरं कुठे होती? 2021 ला त्यांच्या फोनवरच्या संभाषणाची ध्वनिफीत फिरली, पशुवैद्यकांशी ज्या भाषेत बोलल्या त्यावर देशभरातल्या पशुवैद्यकांच्या संघटनांनी काळा दिवस पाळला. आधी ऐकून घ्या, मग काय ते करा, हा ज्यांच्या नावाचा निकाल, त्यांचाच फोन आला की समोरच्याला बोलायची सोय राहत नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

पण तो पासपोर्ट कुठवर पोचला ते सांगायचं राहिलं. 7 मे 2014. जल्लीकट्टू, म्हणजे तमिळनाडूतला बैलाला झोंबण्याचा खेळ, आणि बैलगाडा शर्यती यांवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. खटला बाईंचा नव्हता, प्राणी कल्याण मंडळाचा होता. निकालात मात्र तेच 21 वं कलम आलं. न्यायमूर्ती राधाकृष्णन यांनी लिहिलं की, त्या कलमातल्या 'जीवित' शब्दाचा अर्थ आता विस्तारला आहे आणि माणसाच्या जगण्याला आवश्यक असलेलं प्राणिजीवनही त्यात येतं. 1978 ला एका तरुण बाईसाठी रुंद केलेल्या दारातून छत्तीस वर्षांनी बैल आत आला. तो फार वेळ थांबला नाही म्हणा. शर्यतींना मुभा द्यायला महाराष्ट्राने 2017 ला कायदा दुरुस्त केला, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने शर्यतींचे कायदे वैध ठरवले. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं म्हणायला पूर्वाधार नाही, असं ते म्हणाले. त्या दिवशी बाजारात पेढे वाटणाऱ्यांत माझ्या ओळखीचे होते, मी पेढा खाल्ला. त्यांच्या बैलांचे खांदे मी पाहिलेत, शर्यतीच्या बैलाची निगा घरच्या पोरापेक्षा बरी असते. त्याच बैलाची शेपटी चावून त्याला पळवलेलंही पाहिलंय.

2024 ला बाई सुलतानपूरहून पडल्या. निवडून आलेल्या उमेदवारावर त्यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात याचिका टाकली. पंचेचाळीस दिवसांची मुदत उलटून गेली होती म्हणून ती ऐकलीच गेली नाही.

माझी वेळ संपली, घड्याळ दाखवतायत. तिसऱ्या रांगेतले आप्पा बैलगाडा म्हटल्यापासून हात वर करून बसलेत. माइक तिकडे द्या रे.