वेबसाइट आपली, पण फाइल कुणाकडे?

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. भाषांची लांबलचक यादी सरकते आहे.]

वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर, बसवायला घेतलं की आधी भाषा विचारली जाते. यादी खाली सरकवत न्यायची आणि ‘मराठी’वर थांबायचं. पुढे पाच रकाने येतात: डेटाबेसचं, म्हणजे साइटचा मजकूर जिथे साठतो त्याचं, नाव, युजरनेम, पासवर्ड, होस्ट म्हणजे डेटाबेस असलेल्या संगणकाचा पत्ता, आणि टेबलांच्या नावाआधी लागणारं ‘डब्ल्यूपी’. होस्टच्या रकान्यात ‘लोकलहोस्ट’ आधीच भरलेलं असतं. बहुतेक ठिकाणी तेच चालतं. पासवर्डचं एक अक्षर चुकलं तरी गाडी इथेच अडते. सगळं जुळलं तर काही मिनिटांत डॅशबोर्ड, म्हणजे साइट सांभाळायचा पडदा, समोर.

[दृश्य: विक्सचा एडिटर. माउसने फोटो उचलून दुसरीकडे सोडला जातो.]

हे विक्स. २००६ साली इस्रायलमध्ये सुरू झालेली कंपनी. इथे डेटाबेसचं नाव कुणी विचारत नाही. फोटो उचला, हवा तिथे सोडा. होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा, सुरक्षा, अपडेट, सगळं कंपनी बघते. ज्याला आठवड्याभरात दुकानाची साइट उभी करायची आहे, त्याने हे घेतलं तर नावं ठेवायचं कारण नाही. मात्र आख्खी साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर न्यायची सोय इथे नाही. विक्सची साइट चालते ती विक्सच्याच सर्व्हरवर.

[दृश्य: जिओसिटीजची जुनी पानं. लुकलुकणारी चित्रं, ‘काम चालू आहे’च्या पिवळ्या पाट्या.]

ही पानं बघा. जिओसिटीज १९९४ मध्ये सुरू झालं. पानासाठी जागा फुकट, आणि पानांच्या चक्क वस्त्या: सिनेमावाल्यांची ‘हॉलिवूड’, संगणकवाल्यांची ‘सिलिकॉन व्हॅली’, विज्ञानकथांचं वेड असलेल्यांची ‘एरिया ५१’. १९९९ मध्ये याहूने हे सगळं विकत घेतलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं. आज यातलं जे बघायला मिळतं, ते आर्काइव्ह टीमचे स्वयंसेवक आणि इंटरनेट आर्काइव्ह यांच्यासारख्यांनी वेळेत उतरवून घेतलं म्हणून.

[दृश्य: वर्डप्रेसच्या सुरुवातीच्या आवृत्तीचा पडदा.]

बंद पडण्याची वेळ ‘बी-टू’ नावाच्या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरवरही आली होती. मिशेल वाल्द्रिघी यांनी ते लिहिलं होतं, पण पुढे काम थांबलं. फरक एवढाच की त्याचा कोड खुला होता, जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कुणीही घ्यावा, बदलावा असा. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या मॅट मुलेनवेगने आपल्या ब्लॉगवर लिहिलं की हा कोड घेऊन पुढे काम करावं म्हणतो. वय वर्षं एकोणीस! खाली इंग्लंडमधल्या माइक लिटलने प्रतिक्रिया टाकली: मीही येतो. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. कुणाची परवानगी मागायला जावं लागलं नाही.

[दृश्य: नोटपॅडमध्ये उघडलेली फाइल. अक्षरांवर क्लोज-अप.]

ही वर्डप्रेसच्या साइटच्या डेटाबेसमधून उतरवून घेतलेली एसक्यूएल फाइल, म्हणजे त्यातला सगळा मजकूर. साध्या नोटपॅडमध्ये उघडली आहे. कंस, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं यांची गर्दी, आणि मधेच स्वच्छ देवनागरीत लेखाचं शीर्षक. त्याखाली परिच्छेद. आणखी खाली गेलं की वाचकांच्या प्रतिक्रिया, नाव आणि तारखेसकट. फोटो वेगळे, ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये, वर्षा-महिन्यानुसार लावलेले. कंपनी कुठलीही असो, एवढं हातात असलं की साइट पुन्हा उभी राहते.

याची किंमत आहेच. अपडेट आपणच करायचे, बॅकअप आपणच घ्यायचा, आणि एखादं जुनं प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेलं जादा सॉफ्टवेअर, तसंच राहिलं तर साइट हॅक होऊ शकते.

[दृश्य: नवं होस्टिंग. फाइल चढते आहे, हिरवी पट्टी पुढे सरकते.]

होस्टिंगवाल्याने दर वाढवले? फोल्डर आणि फाइल नव्या ठिकाणी चढवायची, वर्डप्रेसच्या सेटिंग असलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये नव्या डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड लिहायचा, डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, नेमसर्व्हर बदलायचे; पत्ता कुठल्या होस्टिंगकडे न्यायचा ते नेमसर्व्हर सांगतात. पत्ता तोच राहतो. बदल सगळीकडे पोचायला काही तास, कधी एखाद-दोन दिवस लागतात. तोवर जुनं खातं चालू ठेवा.