ओढा गप्प झाला तर

नमस्कार, श्रोतेहो. बाहेर पाऊस असेल तर रेडिओ जरा मोठा करा. आज दरडींविषयी बोलायचंय, पण सुरुवात माझ्या मामीपासून.

माझं आजोळ पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. बारा-पंधरा घरांची वाडी. जुलै २०२१ मधली रात्र. त्या दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आपल्या माणदेशात वर्षाचा पाऊसही साधारण तेवढाच. मामाच्या घरामागून ओढा जातो. पावसाळ्यात तो असा गर्जतो की जेवताना भाजी खुणेनं मागावी लागते. मामीला झोप त्या आवाजातच लागते. त्या रात्री ती दचकून जागी झाली. कशानं? तर आवाज नव्हता म्हणून. पत्र्यावर पाऊस कोसळतोय आणि ओढा गप्प!

तिनं मामाला हलवलं. "अवो, उठा. वढा बंद पडलाय."

"पाऊस उघडला आसंल. झोप."

"पत्रा वाजतोय त्यो काय मग? बॅटरी घ्या न् बगा."

मामानं बॅटरी मारली. पात्रात घोटाभर पाणी, बाकी नुसता राड. ओल्या मातीचा आणि तुटलेल्या मुळ्यांचा वास सुटलेला. मग मामीनं कुणाचं ऐकलं नाही. म्हशींची दावी सोडली, घरोघरच्या कड्या वाजवल्या, सासूला मामाच्या पाठीवर दिलं आणि सगळी वाडी ओढ्यापासून लांब, कातळावरच्या देवळात नेऊन बसवली. वाटेत मामाची कुरकुर चालूच, नाचणीची कणगी मागं राहिली म्हणून. (तीच नाचणी हल्ली शहरात 'रागी' म्हणून पाकिटात विकतात आणि आपण चौपट पैसे मोजतो. असो.) तासाभरानं वरून आवाज आला. मामा सांगतो, "मालगाडी आल्यागत." झाडं, धोंडे, चिखल, सगळं एकदम. गोठा गेला, कणगी गेली. माणूस एकही गेला नाही.

झालं होतं असं. वरच्या खिंडीत दरड कोसळली आणि तिनं ओढ्याला आडवा बांध घातला. पाणी मागे तुंबत गेलं. असला बांध दगडमातीचा, ना पिचिंग म्हणजे दगडी अस्तर, ना जादा पाणी सोडायला सांडवा. तो टिकणार किती? म्हणून पुन्हा सांगतो. पाऊस चालू आहे आणि ओढा थांबला, तर बघायला वर जाऊ नका. पात्रापासून बाजूला, उंचावर निघा. पाऊस चालू, ओढा बंद, की निघा.

हीच गोष्ट थोरल्या मापात १८९३ मध्ये गढवालात घडली. गोहना गावाजवळ अख्खा डोंगर बिरही नदीत आला आणि भलामोठा तलाव झाला. इंजिनिअरांनी वर्षभर पाण्यावर नजर ठेवली, खालच्या गावांसाठी तारेची, म्हणजे टेलिग्राफची, लाइन टाकली. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला, गढवालातलंच श्रीनगर गाव वाहून गेलं, पण माणसं आधीच हलवलेली. गेले ते पाच जण, एक फकीर आणि त्याचं कुटुंब. त्यांनाही हलवलं होतं, ते परत फिरले. १८९४ साली, तारेवर हे जमलं. आज खिशात मोबाइल आहे, आणि आपण त्यावर धबधब्यापुढं उभं राहून फोटो काढतो.

समुद्राकाठी दरडीची तऱ्हा आणखी वेगळी. १९५८ मध्ये अलास्कात भूकंपानं एक कडा लितुया खाडीत कोसळला. उसळलेल्या पाण्यानं समोरच्या डोंगरावरची झाडं ५२४ मीटर उंचीपर्यंत सोलून काढली. साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याची समुद्रसपाटीपासूनची उंची हजार मीटरच्या आसपास, म्हणजे त्याच्या निम्म्यापर्यंत!

आता आपला डोंगर. खाली काळा कातळ, वर जांभा आणि माती. पाणी जांभ्यातून झिरपतं, कातळापाशी अडतं, तिथली माती लोण्यासारखी होते आणि वरचा थर घसरतो. त्यात आपण पायथा जेसीबीनं कोरतो, कधी रस्त्याला, कधी कुणाच्या फार्म हाऊसला. खिडकीतून सह्याद्री दिसावा म्हणून सह्याद्रीचाच पाय तोडायचा! आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. जुलै २०२१ च्या त्याच पावसात तिथं दरडी थेट घरांवर आल्या. आपल्या सातारा जिल्ह्यात या नावांपुढं जास्त काही बोलावं लागत नाही.

दरडीनं आणलेला गाळ ओढा पुढं नेतो, कोयना तो उचलते आणि कराडला प्रीतिसंगमात कृष्णेच्या हवाली करते. मामाच्या खाचरातली माती आज कुठल्या मळईत ऊस पोसत असेल, कोण जाणे. ओढ्यानंही पात्र बदललं. आता तो मामाच्या खाचरातूनच वाहतो. सातबाऱ्यावर मात्र अजून भात उभं आहे.

मामानं घर कातळाच्या बाजूला नवं बांधलं. पावसाळ्यात रात्री मी फोन करतो, "मामी, कसं आहे?" ती काही बोलत नाही. "ऐक," म्हणते आणि फोन खिडकीबाहेर धरते.