चाकाच्या एका फेऱ्यात

(माहितीपटाचं निवेदन. यवतेश्वर घाट, सकाळ. जीप वळण घेऊन वर येते.)

हा आवाज नीट ऐका. वरती इंजिनाची घरघर आहे. तिच्या खालून येतोय तो... कुई. कुई. कुई. गाडी 20 च्या आसपास असली की येतो, 40 ला गेली की वाऱ्यात बुडून जातो.

जीप तीस वर्षांची. एके काळी सातारा–बामणोली रस्त्यावर वडाप, म्हणजे सीटवारी प्रवासी वाहतूक करायची. आत माणसं, पायरीवर माणसं, टपावर बाजाराची बोचकी. त्या दिवसांतलं आमच्या हाती काही नाही, हा एक झिजलेला पायरीचा पत्रा सोडला तर. वडाप थांबलं तेव्हा गुरुजींनी ती विकत घेतली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणी नव्यानं करावी लागते. 1 एप्रिल 2022 ला त्याची फी 600 रुपयांवरून 5,000 झाली होती. गुरुजींनी तीही भरली.

आवाज सुरू झाला दिवाळीत. एका गॅरेजनं पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, रबरी बुश बदलले, दुसऱ्यानं ब्रेक लायनर, तिसऱ्यानं फॅन बेल्ट. सामान नवं झालं, कुईकुई जुनीच राहिली.

(समर्थ मंदिराच्या खालच्या अंगाला पत्र्याचं शेड.)

इथल्या मिस्त्रींनी पहिला अर्धा तास पान्याला हातच लावला नाही. हा अर्धा तास आम्ही फार कापलेला नाही. काहींना कंटाळवाणा वाटेल, पण खरं काम याच अर्ध्या तासात झालंय.

आधी एकच प्रश्न. "गुरुजी, पावसात वाजती का वो?"

"नाही. पाऊस लागला की गप्प. उघडीप पडली की दोन दिवसांत परत."

मिस्त्री नुसते "हं" म्हणाले. कोरड्या लोखंडाला पाणीसुद्धा थोडा वेळ वंगणासारखं चालतं, हे आम्हाला मागाहून समजलं.

मग मागच्या बंपरवर दोन पोरं चढवून गाडी हलवून पाहिली. पाटे गप्प. बुशवर साबणाचं पाणी शिंपडलं. तेल नाही, तेलानं रबर फुगतं. फरक शून्य. इंजिन जागेवर रेझ केलं, तरी आवाज नाही. म्हणजे बेल्ट सुटला.

(खडू. टायरवर पांढरी रेघ.)

हा खडू गुरुजींच्या खिशातला. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, खिसा अजून शाळेतच आहे.

शेडसमोरच्या उतारावर इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेकवर गुरुजींचा हात. गाडी माणसाच्या चालीनं घरंगळते आणि मिस्त्री मागच्या चाकाशेजारी वाकून चालतात. रेघ खाली आली की बोटं मोजायला सुरुवात, रेघ परत खाली आली की थांबायचं. तुम्हीही मोजा.

कुई. कुई. कुई. कुई... आणि पाचवी रेघेला लागून.

आवाज चाकाच्या ड्रममधला असता तर दर फेऱ्याला एकदा आला असता. पण चाक एकदा फिरतं तेवढ्यात मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, चार-पाच वेळा फिरतो. दांडा आणि चाकं यांच्यामधल्या डिफरन्शियलच्या दात्यांचा तो हिशेब आहे. चार-पाच कुई म्हणजे शाफ्ट. तीन गॅरेजं चाकाभोवती आणि बॉनेटखाली फिरत राहिली, कुणी मोजलं नाही.

(गाडीखालून. बॅटरीचा उजेड.)

शाफ्टच्या टोकाला हा क्रॉस. अधिक चिन्हासारखा, चार हातांचा. प्रत्येक हातावर एक टोपी आणि टोपीत सुईएवढ्या बारीक रोलरांची रांग. पाटे वरखाली होतात तसा शाफ्टचा कोन बदलतो. तो कोन सांभाळायचं काम या चार टोप्यांचं.

आता इथं बघा, टोपीच्या कडेला. तांबूस भुकटी. विटेच्या चुऱ्यासारखी दिसते, पण हा लोखंडाचा गंज आहे. बाकीच्या तिन्ही टोप्यांच्या कडा काळ्या, तेलकट.

चार बोल्ट, टोप्या धरून ठेवणाऱ्या चार सर्क्लिप. हातोडीचे बेताचे ठोके. तीन टोप्यांतून काळं ग्रीस निघालं. चौथी उपडी केली तर कागदावर नुसती भुकटी आणि तिच्यात चार-पाच मोडक्या सुया. क्रॉसच्या त्या हातावर सुयांचे वळ उठलेत. मिस्त्री त्यावरून नख फिरवतात आणि ते अडकतं. तो आवाजही माइकनं पकडलाय.

ग्रीस भरलं जात होतं. निप्पलमधून, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडातून, ते चारही हातांत जायला हवं, पण चौथ्या हाताची वाट सुकलेल्या ग्रीसनं बंद झाली होती. बाहेरून मात्र निप्पल चकाचक.

हा क्रॉसचा जॉइंट घाटात सुटला असता तर शाफ्ट रस्त्यावर आपटला असता.

(नवा क्रॉस. ग्रीस गन.)

दाबत राहायचं. एका टोपीतून ग्रीस बाहेर आलं म्हणून थांबायचं नाही. दुसरी. तिसरी. ही चौथी... आली. मिस्त्री बोटानं ते पुसतात आणि फडक्याऐवजी स्वतःच्याच पँटला लावतात.

मिस्त्रींच्या हाताखाली सध्या कुणी नाही. बंपरवर चढलेली पोरं शेजारच्या चहाच्या टपरीवरची होती.

(पुन्हा यवतेश्वर घाट. संध्याकाळ. 20 चा वेग.)

(निवेदन नाही. सोळा सेकंद.)

(शेड. बॉनेट उघडं.)

"पाचशे किलोमीटर झालं की या परत. गन मारून बघू, चारी वाटा चालत्यात का."

गुरुजी मीटर वाचतात. खिशातून तोच खडू काढतात आणि बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर, शाळेतल्या वळणदार अक्षरात, आकडा लिहितात.