घराआधी स्वयंपाकाच्या पाळ्या बघा

[दृश्य : नदीकाठची वसाहत, मधली पायवाट, मुलांच्या सायकली]

इंग्लंडमधल्या लँकेस्टरजवळ, लून नदीकाठी ही ४१ घरांची को-हाउसिंग वसाहत, म्हणजे घर ज्याचं त्याचं, पण काही जागा आणि कामं सगळ्यांची. प्रत्येकाचं स्वयंपाकघर वेगळं, शिवाय एकत्र जेवायला सगळ्यांचं मिळून एक कॉमन हाऊस. मोटारी कडेलाच थांबतात, त्यामुळे मुलं दारातून थेट बाहेर खेळायला पळतात. डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडामेन ही अशी वसाहत वसली, तेव्हापासून मुलं हेच को-हाउसिंगचं एक मोठं कारण राहिलंय.

लहान मुलांना घेऊन अशा ठिकाणी राहायला जायचा विचार असेल, तर पहिला प्रश्न: वसाहत उभी आहे, की अजून कागदावर? जमीन, परवानगी, कर्ज, बांधकाम यांत वर्षं जातात. आज दोन वर्षांचं असलेलं मूल ताबा मिळेपर्यंत शाळेत जायला लागलेलं असतं. परवानगी नाकारली गेली तर भरलेल्या पैशांतले किती परत मिळतील, हे लेखी घ्या.

[दृश्य : लीड्स, गवताच्या गाठींच्या भिंतींची घरं]

मग मालकी. लीड्सच्या 'लायलॅक' या को-हाउसिंग वसाहतीत २० घरं संस्थेच्या नावावर आहेत. सभासद निव्वळ उत्पन्नाच्या सुमारे ३५ टक्के भरतो आणि त्यातून त्याचा हिस्सा साठतो. मात्र हिश्शाची किंमत घरांच्या बाजारभावाला नाही, सरासरी पगाराला बांधलेली आहे. बाहेर घर घ्यायचं ठरलं, तर हा फरक जाणवू शकतो.

[दृश्य : कॉमन हाऊस, मोठी पातेली, पाळ्यांचा तक्ता]

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाहुण्यांना वसाहत दाखवायच्या दिवशी सगळेच हसतमुख असतात. तुम्ही हिवाळ्यात, आठवड्याच्या मधल्या वारी जेवायला जा. स्वयंपाकाची पाळी किती दिवसांनी येते? तान्ह्या बाळाच्या आईबापांना सूट किंवा दुसरं काम मिळतं का? जेवण साडेसातला आणि मूल सातला झोपणारं असेल, तर त्या पंगतीचा तुम्हाला उपयोग नाही. मुलांची खोली जेवणघराशेजारी हवी, पण दार बंद होणारी. नाहीतर गोंगाटाला कंटाळून वयस्कर मंडळी जेवायला येणं सोडतात. गेल्या वर्षभराच्या सभांची इतिवृत्तं मागून घ्या. कुत्रे, पार्किंग, आवाज, यांपैकी एकच वाद महिनोन्‌महिने फिरत असेल, तर तिथे सर्वसहमतीने निर्णय घेणं अडकतं.

मुलं मोजा, पण आपल्या मुलाहून दोन वर्षं लहान ते दोन वर्षं मोठी, एवढीच. लोक सहसा घर सोडत नाहीत, त्यामुळे अख्खी वसाहत एकदमच म्हातारी होऊ शकते.

शक्य असेल तर आधी भाड्याने राहा. इंग्लंडमध्ये सप्टेंबरात सुरू होणाऱ्या प्राथमिक शाळेचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत करावा लागतो. अनेक शाळा अंतर बघतात, म्हणून नवा पत्ता त्याआधी हातात हवा.