२०३८ आधी पालिकेने काय तपासायचं

मंडळी, तारीख आधीच सांगून टाकतो: मंगळवार, १९ जानेवारी २०३८, जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. असंख्य संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले त्या आकड्यात. जुन्या यंत्रणांत हा आकडा ३२ बिटांत (म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या ३२ घरांत) ठेवलेला असतो आणि तिथे २,१४,७४,८३,६४७ च्या वर काही मावत नाही. पुढच्याच सेकंदाला तो उलटून ऋण होतो, आणि यंत्राच्या लेखी तो दिवस असतो १३ डिसेंबर १९०१.

अजून पुष्कळ अवकाश आहे, असं काही चेहऱ्यांवर दिसतंय. पण वीस वर्षांचा भाडेपट्टा, लांब मुदतीचं कर्ज, निवृत्तिवेतनाचा हिशोब, यांच्या तारखा २०३८ च्या पलीकडे केव्हाच गेल्या आहेत. ज्या प्रणालीत त्या तारखा भरायच्या, ती आजच अडेल. किंवा अडणार नाही, गुपचूप भलतीच तारीख लिहून मोकळी होईल. मला भीती आहे ती या दुसऱ्या प्रकाराची.

‘वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवणारे संगणक २००० ला १९०० समजतील, असा २००० सालीही एवढा गाजावाजा झाला, शेवटी काय झालं?’ हा प्रश्न हमखास येतो. बरंच काही झालं नाही, कारण त्याआधी लोकांनी वर्षानुवर्षं खपून दुरुस्त्या केल्या होत्या. जे राहून गेलं, ते आवाज न करता घडलं. इंग्लंडमध्ये शेफील्डला गर्भातल्या बाळाला डाउन सिंड्रोमचा धोका किती, हे काढणारा संगणक २००० सुरू होताच आईचं वय चुकीचं धरू लागला. दीडशेहून अधिक स्त्रियांना चुकीचा निष्कर्ष कळवला गेला. यंत्र चालू होतं, अहवाल वेळेवर निघत होते, त्यामुळे चूक ध्यानात यायला महिने गेले.

आता शहराचं उदाहरण घ्या. जीपीएसमध्ये आठवड्यांचा क्रमांक १० बिटांचा असतो, म्हणून दर १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तो तसा येणार, हे वर्षानुवर्षं आधी ठाऊक होतं. तरी न्यूयॉर्क शहराचं स्वतःचं वायरलेस जाळं त्या दिवशी कोलमडलं आणि काही दिवस बंद राहिलं. पोलिसांचे नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे, वाहतुकीच्या दिव्यांचं दुरून नियंत्रण, सगळं त्याच्यावर. वर्षही सरलं नाही तोच, १ जानेवारी २०२० ला, त्याच शहरातले पार्किंग मीटर कार्ड घेईनात. सॉफ्टवेअरमधली मुदत संपली होती. दुरुस्ती किरकोळ, पण ती करायला माणसांना एकेका मीटरपाशी जावं लागलं. (जीपीएसचा तो शून्य पुन्हा येतोय, नोव्हेंबर २०३८ मध्ये. एकाच वर्षात दोन मुहूर्त!)

म्हणून यादी करा, आत घड्याळ असलेल्या प्रत्येक यंत्राची. यादी मागितली की संगणक विभाग सर्व्हरची यादी पाठवतो. ती सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी कामाची. पंपघरातल्या माणसाला विचारा, सिग्नल बघणाऱ्या वायरमनला विचारा, अग्निशमन केंद्रात विचारा. पंपाचा टायमर, क्लोरीनची नोंद ठेवणारा डबा, हजेरीचं यंत्र, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, दाराचं इलेक्ट्रॉनिक कुलूप. प्रत्येकापुढे एक रकाना ठेवा: याने उद्या चुकीची तारीख दाखवली, तर ती कोणाच्या नजरेस पडेल? जिथे नाव लिहिता येणार नाही, तिथून कामाला लागा.

एक सावधगिरी. चालू यंत्राचं घड्याळ पुढे करून ‘बघू काय होतं’ म्हणू नका. परवान्याची मुदत संपते, जुन्या नोंदी कालबाह्य ठरून पुसल्या जातात, आणि घड्याळ मागे आणलं म्हणून त्या परत येत नाहीत. शिल्लक पडलेलं जुळं यंत्र घ्या, त्यावर तारीख ओलांडू द्या, मग वीज बंद करून पुन्हा चालू करा. कित्येक यंत्रं तो क्षण निभावतात आणि नंतर सुरू होतानाच अडखळतात.

नवी खरेदी करताना निविदेत २०३८ पुढची तारीख चालवून दाखवण्याची अट घाला. लिनक्स ही अशा अनेक यंत्रांच्या आत चालणारी मूळ प्रणाली; तिच्या गाभ्यात ३२ बिटी यंत्रांसाठीही ६४ बिटांची वेळ २०२० पासून आहे, पण डब्यात जुनाच गाभा भरून विकला तर तिचा उपयोग शून्य.

राहता राहिला शेजारधर्म. पूर आला की शेजारची पालिका पंप पाठवते. इथे तिचेही पंप त्याच सेकंदाला बिघडलेले असतील. देखभालीच्या करारात ‘चार तासांत तंत्रज्ञ हजर’ असं असतं. कंत्राटदाराला लेखी विचारा की हेच वाक्य त्याने आणखी किती पालिकांना लिहून दिलंय, आणि त्याच्याकडे तंत्रज्ञ किती आहेत.