पडीक कुणगा एकट्याने उठत नाही

मंडळी, सुरुवात एका साध्या हिशेबाने करूया. आपल्याकडे जमीन एकरात कोण सांगत नाही, चौरस मीटरात सांगतात, तर हजार चौरस मीटरचा एक कुणगा, म्हणजे भातशेताचा एक तुकडा, धरा. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे त्या एका कुणग्यावर वर्षाला 30 लाख लिटर पाणी पडतं. 30 लाख! आणि त्यातलं बहुतेक सगळं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मग मे महिन्यात त्याच कुणग्याला भेगा पडतात आणि मालक म्हणतो पाणी नाही म्हणून पडीक ठेवलंय. म्हणून मला कोणी विचारलं की पैसे कमी आहेत, जमीन खराब झालीय, कुठलं खत टाकू, तर मी म्हणतो खताचं नंतर बघू, आधी भर पावसात छत्री घेऊन शेतात जा आणि पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं आणि कुठून पळतं ते बघून ये. याला एक रुपया लागत नाही, पण हे केल्याशिवाय टाकलेला प्रत्येक रुपया वाहून जायची भीती असते.

लोक हिवरे बाजारचं उदाहरण देतात. मोठं काम आहे ते, 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि त्या गावाने डोंगरावर चर खणले, कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, बोअर मारून शेती करायची नाही असं ठरवलं. पण त्यांच्याकडे पाऊस 400 मिलिमीटरच्या आसपास, तिथे प्रश्न थेंब अडवायचा. आपला प्रश्न वेगळा आहे, आपल्याला पाणी आधी शांत करायचंय, नको तिथलं काढून टाकायचंय आणि मग उरलेलं धरून ठेवायचंय. त्यामुळे तिकडचे चर जसेच्या तसे इथे आणून उपयोग नाही. तिथून घ्यायची गोष्ट एकच, नियम अख्ख्या गावाने पाळले. माझं आजचं म्हणणं तेवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

आता खाजनाकडे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतीकडे येऊ, कारण तुमच्यातले अर्धे लोक नदीकाठचे आहेत. मांडवी असो, झुवारी असो, शापोरा असो, भरतीचं खारं पाणी आत कित्येक किलोमीटर येतं. आपल्या पूर्वजांनी चिखल, गवत आणि चिऱ्याचे बांध घालून ही जमीन समुद्राकडून घेतली. बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार ठेवलं, तिच्या लाकडी झडपा अशा की ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं आणि भरती आली की बाहेरचंच पाणी त्या बंद करतं. ना मोटर ना डिझेल. बांधाच्या बाहेर तिवर ठेवायचे म्हणजे लाटेचा मार बांधावर येत नाही. एवढी स्वस्त आणि एवढी पक्की रचना आजच्या घडीला कोणी इंजिनियर आपल्याला करून देईल असं मला वाटत नाही, आणि ती आपण डोळ्यांदेखत जाऊ देतोय याचं मला खरंच वाईट वाटतं.

ही रचना मोडते कशी ते नीट समजून घ्या. खेकडे बांधात बिळं करतात, हे काही नवीन नाही, पूर्वीपण करायचे. पूर्वी गावकारीचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचा माणूस बांधावरून फिरायचा, भोक दिसलं की तिथल्या तिथे चिखल भरायचा. 1964 चा कूळ कायदा आला, कसणाऱ्याला हक्क मिळाला, ती न्यायाचीच गोष्ट झाली आणि व्हायलाच हवी होती, पण त्यासोबत बांधाची जबाबदारी कूळ संघांकडे आली आणि बऱ्याच ठिकाणी ती मग कोणाचीच राहिली नाही. मानशीची पावणी, म्हणजे तिथली मासळी धरायच्या हक्काचा लिलाव, मात्र दर वर्षी होते कारण मासळीत पैसा आहे. जास्त मासळी हवी तर खारं पाणी जास्त वेळ आत ठेवायचं, आणि शेताला हवं असतं ते पाणी लवकर बाहेर जायला. ही ओढाताण मिटवायची तर पावणीच्या कागदावरच लिहून घ्या की मानस कुठल्या महिन्यात कोणाच्या सांगण्यावरून उघडायची आणि पावणीच्या पैशातला ठराविक वाटा आधी बांधाला जाईल. तोंडी बोलणं नको, पुढच्या वर्षी माणूस बदलला की ते विसरलं जातं.

आणि घाई करा, कारण बांध फुटून खारं पाणी आत बसलं की दोन-चार वर्षांत शेतातच तिवर उगवतात, आणि तिवराला कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मग तुमचं शेत कागदावर शेत राहतं, प्रत्यक्षात ते खाडीचं जंगल झालेलं असतं. तिवर वाईट असं मी म्हणत नाही, बांधाबाहेर ते आपलं रक्षणच करतात, पण ते बाहेरच असायला हवेत. अजून एक, बांध दुरुस्त करताना जेसीबीवाला सोयीचं म्हणून बांधाच्या पायथ्याचाच चिखल उचलून वर घालतो, त्यामुळे पायथ्याशी खड्डा होतो आणि बांध त्यातच घसरतो. चिखल लांबून आणायला सांगा, उभं राहून करून घ्या.

बांध नीट झाला की मीठ काढायचं काम पाऊस करतो. उन्हाळ्यात जमीन सुकते तसं खालचं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं, तो पांढरा थर तुम्ही बघितलाय. म्हणून कापणी झाल्यावर ओल आहे तोवर एक नांगरट करून ठेवली की ती वर चढायची वाट तुटते. मग जूनचे पहिले जोराचे पाऊस शेतात घ्यायचे आणि ओहोटीला मानशीतून सोडून द्यायचे, असं पुन्हा पुन्हा. जुनी माणसं पाणी जिभेला लावून बघायची, ती पद्धत आहेच, पण आता कृषी विज्ञान केंद्रात मातीचा क्षारांक मोजून मिळतो, तो मोजून घ्या. पेरायचं काय तर आपलं कोरगुट, उंच वाढणारं, खारं सोसणारं, थोडे दिवस पाण्याखाली गेलं तरी तग धरणारं. उत्पन्न कमी येतं हे खरं, म्हणून जुन्या गोव्यातल्या एलाच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान 1 आणि गोवा धान 2 ही वाणं काढलीयत, ती थोड्या भागात लावून बघा. सगळं कोरगुट मात्र सोडू नका, बियाणं एकदा गावातून गेलं की परत आणायला फार कष्ट पडतात.

बरं, खाजन नाही पण मेरेच्या, म्हणजे शेताच्या साध्या बांधाच्या आतलं गोड्या पाण्याचं शेत आहे, वर्षानुवर्षं पडीक, गवत आणि लाजाळू माजलंय, त्याचं काय? इथे पहिल्या वर्षी भाताची आशा थोडी बाजूला ठेवा. आधी वरून येणारा नाला आणि खाली जाणारी वाट मोकळी करा, कारण अशा शेतात पाणी साचून साचून लोह सुटतं, पाण्यावर नारिंगी साय दिसते, भाताच्या पानांवर तांबूस ठिपके येतात आणि मुळं काळी पडतात. शेतकरी समजतो रोग पडला आणि फवारणी आणतो. तो रोग नाही, जांभ्या मातीतलं लोह आहे, पाणी मधूनमधून काढून शेताला हवा खाऊ दिली, चुना घातला, चुलीतली राख घातली तर बराच फरक पडतो. राखेत पोटॅश असतं आणि आंबट माती थोडी सौम्य होते, आणि राख घराघरात आहे, भाताच्या गिरणीवर तूसाची राख पण मिळते.

मग धैंचा, हे गाडून हिरवळीचं खत करायचं पीक. जूनच्या पावसावर पेरायचा, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी फुलायच्या आधी चिखलात गाडायचा, तो हवेतलं नत्र मातीत आणतो आणि गवतालाही दाबतो. खारेपणा पण सोसतो. त्यावर उशिरा ज्योतीसारखं कमी दिवसांचं वाण लावता येतं. मेरेवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा, दर वर्षी पाला मिळत राहतो. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो कारण हल्ली खूप व्हिडिओ फिरतात, जीवामृताचा. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि दोनशे लिटर पाणी, एवढं एकरभर शेताला. करा, त्याने जिवाणूंना चालना मिळते असं करणारे सांगतात, पण दहा किलो शेणातून एकरभर पिकाचं पोट भरणार नाही हे साधं गणित आहे. जमिनीत पाला, पेंढा, गाडलेला धैंचा काहीच नसेल तर ते जिवाणू खाणार काय?

स्फुरदाची गोष्ट जरा वेगळी. आपल्या लाल मातीतलं लोह स्फुरद पकडून ठेवतं, सुटू देत नाही, म्हणून वरून फेकलेलं खत बरंचसं मातीच गिळते. याच्यावर कोकणात कृषी शास्त्रज्ञ एन. के. सावंतांनी चारसूत्री भातशेती मांडली ती आपल्याला जवळची आहे. पेंढ्याची किंवा तूसाची राख, गिरिपुष्पाचा पाला, रोपं 15 आणि 25 सेंटिमीटर अशा जोड ओळीत, आणि चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या) मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी चिखलात खोल खोचायची. गोळी 2.7 ग्रॅमची, हेक्टरी 62,500 गोळ्या म्हणजे साधारण 170 किलो, आपल्या हजार मीटरच्या कुणग्याला 17 किलो. खत मुळापाशी पोचतं, पाण्याबरोबर नाल्यात जात नाही. खोचायला माणसं लागतात हे मान्य, तो त्याचा कमकुवत भाग आहे, पण घरातली चार माणसं उतरली तर एका कुणग्याला जमतं.

खाणपट्ट्यातली मंडळी पण आलीयत, त्यांचं दुःख मला माहीत आहे. खाणी 2012 ला थांबल्या, परत सुरू झाल्या, 2018 ला परत थांबल्या, पण डंप, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीचे ढीग, जागच्या जागी आहेत आणि प्रत्येक पावसात लाल गाळ खाली येतो. तो गाळ इतका बारीक की सुकला की वर कवच धरतो, पाणी आत जात नाही, बी वर येत नाही. त्यात सेंद्रिय काही नाही. वरचा ओघळ बंद झाल्याशिवाय खालचं शेत सुधारायला घेऊ नका, डंपच्या पायथ्याला चिऱ्याची भिंत, गाळ बसायची तळी आणि नाला वळवणं हे आधी, आणि ते ज्याच्या डंपमुळे झालं त्यानेच करायचं आहे, शेतकऱ्याने आपल्या खिशातून नाही. पंचायतीत ठराव घ्या, पावसातले फोटो तारखेसकट ठेवा. गाळाचा थर बोटभर असेल तर खरवडून काढता येतो. जाड असेल तर धैंचा, ताग, शेणखत हे तीन-चार वर्षं सलग, त्याला शॉर्टकट नाही.

डोंगरउताराचं थोडक्यात सांगतो. काजूखाली बोंडू वेचायला सोपं पडावं म्हणून पालापाचोळा झाडून जाळतात. जाळू नका, प्रत्येक झाडाच्या वरच्या अंगाला अर्धचंद्राकृती चर मारा आणि पाला त्यात ढकला, पाणी तिथेच थांबतं आणि पाल्याचं खत होतं. आणि उघड्या डोंगरावर नवीन झाडं लावायच्या आधी जमिनीत जुने खुंट जिवंत आहेत का ते बघा. नायजर देशात 1980 च्या दशकात टोनी रिनाउडो नावाच्या माणसाने हेच ओळखलं, रोपं लावून लावून मरत होती पण जमिनीखाली तोडलेल्या झाडांची मुळं जिवंत होती, फुटवे राखले, चांगले दोन-तीन ठेवून बाकीचे छाटले आणि तिथले शेतकरी पुढे लाखो हेक्टरवर ते करत गेले. आपल्याकडे किंदळ, माटीचे खुंट असेच फुटतात, फक्त आग आणि गुरं दोन-तीन वर्षं लांब ठेवायला हवीत.

गुरांचा विषय निघाला म्हणून सांगतो, सरदाचं, म्हणजे पावसाळी भात कापल्यावर ओलीवर अळसांदे (चवळी), कुळीथ, मूग छान येतात. अळसांद्याला बाजारात भाव आहे आणि तो जमिनीत नत्रही ठेवून जातो. मग लोक का पेरत नाहीत? एकट्याने पेरलं तर अख्ख्या गावची गुरं त्याच्या कुणग्यात येतात. रानडुकरं, मोर, माकडं वेगळीच. एकाच्या कुणग्याला कुंपण घालायचा खर्च त्याला परवडत नाही, पण चाळीस कुणग्यांच्या भोवती एकच कुंपण घातलं तर त्याची लांबी प्रत्येकी किती कमी येते ते कागदावर काढून बघा.

एका ताईंनी मघाशी विचारलं की एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे आपल्या गोव्याच्या सातबारावर, अकरा नावं आहेत, निम्मे मुंबईला, आणि दुसऱ्याला कसायला दिलं तर तो कूळ लागेल या भीतीने कोणी हो म्हणत नाही. ही भीती खरी आहे आणि गोव्यातली बरीच जमीन याच भीतीने पडून आहे. ज्या गावांत सामूहिक शेती चाललीय तिथे लोकांनी वाट अशी काढलीय की पीक मालकाचंच, खर्चही मालकाचा, गट फक्त मॅट रोपवाटिका (मशीनने लावायची रोपं चटईसारखी वाढवणं) करतो आणि लावणीचं आणि कापणीचं मशीन एकाच फेरीत सगळ्यांच्या कुणग्यांतून फिरवतो. मशीनवाला एका कुणग्यासाठी येत नाही, पन्नास कुणग्यांसाठी येतो. तरीही कागद वकिलाला दाखवूनच करा.

धैंच्याचं बी हजार मीटरला पाच किलो पुरे, विभागीय कृषी कार्यालयात आत्ताच मागणी नोंदवा, जूनमध्ये गेलात तर मिळेलच असं नाही. गिरिपुष्पाच्या फांद्या तीन फूट लांब, पक्क्या लाकडाच्या, पहिल्या पावसातच खोचायच्या. आणि येत्या रविवारी सकाळच्या ओहोटीला आपण बांधावरून एक फेरी मारणार आहोत, भोकं कुठे आहेत त्याची यादी करायला, ज्यांचे कुणगे बांधापासून लांब वरच्या अंगाला आहेत त्यांनीपण यायचं आहे.