पाणी प्यायला उठणारे बाबा

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतेय. मागून जे गाणं ऐकू येतंय ती कचऱ्याची गाडी आहे. तिच्यासाठी शूटिंग थांबवायचं ठरवलं तर आमच्या गावात एकही व्हिडिओ पुरा व्हायचा नाही, तेव्हा राहू दे.

विषय सिनेमाचा आहे, पण सुरुवात पाण्याच्या पेल्यापासून करते.

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात एकच टीव्ही होता. सिनेमात पाऊस सुरू झाला, नायिका भिजली, नायक दोन पावलं पुढे आला, की बाबा उठायचे. पाणी प्यायला. जानेवारीच्या थंडीतसुद्धा. आई त्याच क्षणी मेथी निवडण्यात बुडून जायची. आणि आजी, म्हणजे बाबांची आई, चष्मा पुसून बघत बसायची. एकदा तिने बाबांना हाक मारली, "अरे बस की! दर वेळी पुढची गोष्ट तुला मी सांगायची का?"

हसू नका, तुमच्याकडेही कोणीतरी उठत होतंच.

गंमत अशी की आता आपल्या सिनेमांत घरातल्या घरात शरीराबद्दल, इच्छेबद्दल बोलणं सुरू झालंय, आणि तिथेही अगदी हीच वाटणी दिसते. आजी बोलते. नातवंडं बोलतात. मधले दोघं पाणी पितात.

[पडद्यावर पोस्टर: बधाई हो]

२०१८ चा 'बधाई हो' आठवतोय? रेल्वेत नोकरी करणारे वडील, पन्नाशीकडे आलेली आई, मोठा मुलगा लग्नाच्या वयाचा, आणि आईला दिवस गेलेत. मला ह्या सिनेमात आवडतं ते हे, की त्याची दिशाच उलटी आहे. मोठ्यांनी लहानांना समजावायचं नाहीये. वयात आलेल्या मुलांनी पचवायचंय, की आपल्या आईवडिलांच्या खोलीचं दारही रात्री लागतं. मुलाला स्वतःची मैत्रीण आहे, तिथे त्याला काही खटकत नाही. पण आईवडिलांचं कळल्यावर मात्र जगाला तोंड दाखवावंसं वाटत नाही. सुरेखा सिक्रींची आजी आधी मुलाला नि सुनेला यथेच्छ फैलावर घेते, आणि नंतर लग्नघरात टोमणे सुरू झाल्यावर त्याच सुनेची बाजू घेऊन उभी राहते. सिक्रींना ह्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

थिएटरात माझ्या शेजारी आजी होती. घरी येताना म्हणाली, "ह्यात एवढं काय होतं? आमच्याकडे सासू-सून एकाच वर्षी बाळंत व्हायच्या. काका-पुतणे एका पाळण्यात वाढायचे." पुढच्या सीटवर बाबांनी एफएमचा आवाज वाढवला.

पुढे २०२३ मध्ये 'लस्ट स्टोरीज २' आला. त्यातली आर. बाल्कींची गोष्ट पाहा. लग्न ठरलेल्या नातीला आजी सगळ्या घरासमोर बजावते, की दोघांचं शरीराचं जमतंय का ते आधी बघा, मग मांडवात उभे राहा. ही आजी नीना गुप्ता, 'बधाई हो' मधली आईही तीच. म्हणजे २०१८ मध्ये ज्या बाईला गरोदर राहिली म्हणून शरमेने मान खाली घालावी लागली, ती पाच वर्षांत बढती मिळून आजी झाली आणि वाट्टेल ते बोलायला मोकळी झाली!

इथे माझी थोडी कुरकुर आहे. आजीच्या तोंडी हे घालणं पटकथा लिहिणाऱ्याला फार सोयीचं असतं. दात पडलेल्या माणसाने उसाबद्दल बोललं की सगळे हसतात, भीती कोणालाच वाटत नाही. तेच वाक्य पंचेचाळीस वर्षांच्या आईने म्हटलं असतं तर? तिला अजून इच्छा असेल, हे घराला मान्य करावं लागलं असतं. म्हणून आईला मेथी निवडायला बसवायचं आणि आजीला बोलू द्यायचं.

पण कुरकुर करून झाल्यावर मला माझी आजी आठवते आणि मी अडते. कारण तिच्या पिढीकडे खरंच भाषा होती. विहिणीच्या पंगतीत चावट गाणी म्हटली जायची, डोहाळजेवणात बायका गर्भार पोरीला काय काय विचारायच्या. इथे माळव्यातल्या लग्नांत तर शिव्यांची गाणीच असतात. आजीच्या आईला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मखरात बसवलं होतं. फुलं, वाजंत्री, ओटी, आळीभर गोडधोड. आणि आजीची वेळ आली तेव्हा काय? कोपऱ्यात एक चटई आणि "कावळा शिवला" एवढे दोन शब्द. आजी हे सांगायची तेव्हा तिला राग कशाचा यायचा माहितीये? वाजंत्री नव्हती ह्याचा.

आता "बघा, पूर्वीचे लोक किती मोकळे होते" असं म्हणून टाळ्या वाजवू नका. त्या मखराचा अर्थ सासरी निरोप जावा असा होता: मुलगी शहाणी झाली, आता न्यायला हरकत नाही. ज्या पोरीला मखरात बसवलं ती स्वतः बारा-तेराची. १८९१ मध्ये इंग्रज सरकारने शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तर आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. बोलणं होतं, पण ते कुशीबद्दल होतं. पोरीला काय हवंय हे विचारायला त्या गाण्यांत एकही कडवं नव्हतं.

आता येऊ मधल्या पिढीवर, कारण खरी कोंडी तिथे आहे. मला वाटतं, आईबाबा बोलत नाहीत ते फक्त लाजेमुळे नाही. त्यांच्याकडे शब्दच नाहीत. मराठीत ह्या विषयाचे शब्द एकतर दवाखान्यातले, एकतर शिवीतले. मधल्या रिकाम्या जागेत "तसलं", "पाऊल वाकडं पडलं", "तोंड काळं केलं". आणि आमच्या इंदुरात दुप्पट पंचाईत! आमची मराठी घरातली. शाळा, गल्ली, सराफ्यातल्या रात्रीच्या गप्पा, सगळं हिंदीत. जी गोष्ट घरात बोलत नाहीत, तिचा मराठी शब्द आम्ही ऐकणार कुठे? मला हे शब्द आधी हिंदीत कळले, मग इंग्रजीत. मराठीत कळले ते थेट सिनेमात.

[पोस्टर: बालक-पालक]

रवी जाधवांचा 'बालक-पालक', जानेवारी २०१३. ऐंशीच्या दशकातली मुंबईची चाळ, शेजारची ताई अचानक चाळ सोडून जाते, मुलं "का" विचारतात तर मोठी माणसं कोड्यात बोलतात. मग मुलं व्हीसीआर आणि कॅसेट ह्या मार्गाने आपलं शिक्षण आपणच उरकून घेतात. पण सिनेमाची चौकट जास्त महत्त्वाची आहे. तो सुरू होतो आजच्या काळात: आईबापांना कळतं की आपला मुलगा नको ते बघतोय. आणि त्याला काय बोलायचं हे ठरवण्याआधी त्यांना स्वतःचं लहानपण आठवावं लागतं. हे मला फार खरं वाटलं. मुलाच्या कानाखाली वाजवायला निघालेला हात त्या आठवणीपाशी थांबतो.

शाळेबद्दल पटकन सांगते. २००७ च्या सुमारास किशोरवयीन मुलांसाठी शाळांत लैंगिक शिक्षणाचा एक कार्यक्रम यायचा होता. आमच्या मध्य प्रदेशाने तो थांबवला. महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकानेही थांबवला. मी तेव्हा नववीत होते. पुढच्या वर्षी विज्ञानात प्रजननाचा धडा आला तेव्हा बाई म्हणाल्या, "हे घरी वाचून घ्या." घरी बाबा पाणी पीत होते.

आणि मग इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, आमच्या उज्जैनला एका सिनेमाचं शूटिंग झालं. 'ओएमजी २', २०२३. पंकज त्रिपाठींचा कांतीशरण हा देवभक्त दुकानदार. त्याचा शाळकरी मुलगा हस्तमैथुन करताना कोणीतरी व्हिडिओ काढतो, तो पसरतो, शाळा मुलाला काढून टाकते. बाप आधी आपल्यासारखाच वागतो: लाज, गाव सोडायची तयारी. मग कोर्टात जातो. शाळेवर दावा लावतो, भोंदू औषधं विकणाऱ्यांवर लावतो, आणि स्वतःवरही. मुलाला वेळेवर सांगितलं नाही म्हणून मीही आरोपी. मला तो सिनेमा सगळा नाही आवडला, भाषणं जरा जास्तच आहेत. पण बाप स्वतःचं नाव आरोपींत घालतो, तिथे माझ्या रांगेतले दोन-तीन काका एकदम गप्प झाले होते.

आता ह्यातली मजा ऐका. सेन्सॉरने सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र दिलं. म्हणजे ज्या वयाच्या मुलासाठी बाप भांडतोय, त्या वयाच्या मुलाला तिकीटच नाही! आमचा चौदा वर्षांचा भाचा घरी आजीपाशी राहिला. परत आलो तर त्याने विचारलं, "कशाबद्दल होता?" आणि आम्ही चार शिकलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागलो. शेवटी ताई म्हणाली, "कोर्टाबद्दल."

तसं पाहिलं तर असा खटला आपल्याकडे खरोखर झालेला आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक चालवत होते. वाचक संकोच सोडून प्रश्न पाठवायचे, कर्वे सरळ मराठीत उत्तरं छापायचे. त्या उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला उभा राहिला. कर्व्यांच्या बाजूने वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे हरले, पण मासिक थांबलं नाही. अमोल पालेकरांच्या 'ध्यासपर्व' सिनेमात किशोर कदम कर्वे झालेत, मिळाला तर नक्की बघा. म्हणजे शब्द होते हो. सरळ, स्वच्छ मराठी शब्द होते. आपण ते घरात आणले नाहीत.

न आणल्यावर काय होतं ते 'शुभ मंगल सावधान' मध्ये आहे, २०१७. लग्नाच्या तोंडावर आई मुलीला पहिल्या रात्रीबद्दल सांगायला बसते आणि सांगते काय, तर अलीबाबा आणि गुहेची गोष्ट. सीमा पाहवांनी असा काही अभिनय केलाय की हसून पोट दुखतं. पण नीट बघा, ती बाई पळून जात नाहीये. वाकडंतिकडं का होईना, सांगतेय. मला तिचा आदर वाटतो. माझ्या आईने माझ्या लग्नाआधी मला एवढंच विचारलं होतं, "तुला सगळं माहितीये ना?" मी म्हटलं, "हो." दोघींचीही सुटका झाली.

[इथे जरा थांबून]

शेवटचा सिनेमा 'साबर बोंडं'. रोहन कानवडेंचा. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद मुंबईहून गावी येतो. नातेवाइकांची भुणभुण सुरू, लग्न कधी करतोस. आनंदला पुरुष आवडतात. आईला ते ठाऊक आहे. गेलेल्या वडिलांनाही ठाऊक होतं. इथे ना आजीचा विनोद, ना कोर्ट, ना गुहा. माय-लेक रोजची कामं करत, हळू आवाजात बोलतात. एवढंच.

हा मी पुण्यात पाहिला, सप्टेंबरमध्ये, आई-बाबांना घेऊन. मुद्दाम रांगेच्या मधल्या खुर्च्या काढल्या होत्या. बाबांना उठायचं असतं तर सात माणसांचे गुडघे ओलांडावे लागले असते. बसले बिचारे शेवटपर्यंत.

परत येताना गाडी मी चालवत होते. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग सिग्नलला बाबा म्हणाले, "त्या मुलाने वडिलांना कसं सांगितलं असेल गं?"

मी काही म्हणायच्या आत मागून आई म्हणाली, "त्याने नसेल सांगितलं. त्याने आईला सांगितलं असेल, मग तिने त्यांना."

बाबा म्हणाले, "हं. म्हणजे आपल्यासारखंच."